भोंडेबाईंच्या गादीतला खळगा

ज्या गादीच्या कापसाला हात लावायचा नाही असं मला तोंडावर बजावून सांगितलं होतं, तीच गादी मी उसवली, पिंजली, वर पदरचा नवा कापूस घातला आणि फुकट घरपोच देऊन आलो. एवढंच नाही, शाबासकीची वाट बघत दारात उभाही राहिलो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘गादीवाल्याचे गमतीदार अनुभव’ मागितले होते. गमतीदार अनुभव माझ्याकडे पोत्याने आहेत. पण लिहायला बसलं की हात फिरून फिरून त्याच गादीवर येतो. तेव्हा फराळाच्या ताटात एखादी करंजी पोकळ निघते, तसं समजून हा लेख चालवून घ्यावा.

आम्ही पिंजारी. माझे वडील खांद्यावर पिंजण टाकून पुण्याच्या पेठांमधून फिरायचे. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. त्याच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी ठोकळा मारला की ‘टंय् टंय्’ असा आवाज निघतो आणि वर्षानुवर्षं दबलेला कापूस तातीला लागून भुरभुरत सुटा होतो. पुढे मी बुधवार पेठेच्या एका बोळात दुकान टाकलं, मशीन आणलं आणि वडिलांचं पिंजण माळ्यावर गेलं. आता माझा मुलगा त्याच दुकानात फोमच्या गाद्या विकतो. मी खुर्चीवर बसून त्याच्या गिऱ्हाइकांना कापसाचे फायदे सांगतो आणि त्याचा धंदा बसवतो.

लोकांना वाटतं, खोळीत कापूस कोंबला की गादी झाली. तसं नसतं. नवा भरलेला कापूस फुगून बसलेला असतो. मग माणूस त्यावर झोपायला लागतो. खांदा टेकतो तिथे कापूस दबतो, कंबर टेकते तिथे आणखी दबतो, जिथे काहीच टेकत नाही तिथे तसाच राहतो. काही वर्षांत झोपणाऱ्याचा साचा गादीत उतरतो. फोमचं तसं नाही. माणूस उठला की फोम लगेच सपाट होतो, जणू कोणी आलंच नव्हतं. खोळ काढली की माणूस कुशीवर झोपतो की पाठीवर, नवरा-बायकोचं पटतं की नाही, हे मला कळतं, अशी माझी घमेंड होती. एका गिऱ्हाइकाला मी गादीच्या मधला उंचवटा दाखवून डोळे मिचकावत म्हटलं, “साहेब, वहिनींशी अबोला दिसतोय.” ते म्हणाले, “ही माझ्या आईची गादी आहे. ती एकटी झोपते.” तरी माझी घमेंड गेली नाही. ती गेली असती तर पुढचं घडलं नसतं.

पिंजणं म्हणजे हा साचा मोडणं. आमचा सगळा धंदा तोच.

गादीबरोबर लोक स्वप्नं का घेऊन येतात, हे मात्र मला कधी समजलं नाही. न्हाव्याकडे डोकं घेऊन जाणारा माणूस त्याला डोक्यातलं सांगत बसत नाही. गादीवाल्याकडे आला की सांगतो. बहुतेकांना गादीचाच दोष वाटतो.

लोणी काळभोरहून एक पाटील टेम्पोत गादी घालून आले होते. रस्त्यालगतची जमीन बिल्डरला देऊन त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेलेले. बोटांत अंगठ्या, चेहरा मात्र आजारातून उठल्यासारखा.

“चाचा, ह्या गादीत कायतरी हाय,” ते म्हणाले. “रोज आमची हीर दिसती. मी काठावर हुबा, अन् आत बैल पडल्याला. वरडतोय. माझ्या हातात दोर न्हाई. आता तिथं हीर बी न्हाई, पार्किंग हाय. मग बैल पडतोय कुठं?”

मी गादी उसवली. कापूस होता, बाकी काही नव्हतं. पण पाटलांचं तोंड बघून मला माझी हुशारी सुचली. दुकानातलं सुकलेलं लिंबू मी हळूच कापसात सरकवलं आणि ओरडलो, “सापडलं!” पाटील एवढे खूश झाले की त्यांनी मला मिठी मारली. पुन्हा आले तेव्हा टेम्पो नव्हता, एकटेच होते.

“बैल गेला का?” मी विचारलं.

“गेला,” ते म्हणाले. “आता आत मीच असतुया.”

त्यानंतर मी लिंबाचा उपाय बंद केला.

हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा यायचा. त्याच्या मनगटावर झोप मोजणारं घड्याळ होतं. “चाचा, माझी ड्रीम स्लीप फार लो येते.” मी म्हटलं, “बेटा, स्वप्नं कमी पडली तर बिघडतं काय?” तो म्हणाला, “स्कोअर बिघडतो ना.” स्वप्नात काय दिसतं विचारलं तर म्हणाला, “ते कोण लक्षात ठेवतं?” त्याला मी कापसाची गादी घ्यायला लावली. पुढे घड्याळ आणखी खालचा आकडा दाखवायला लागलं म्हणून त्याने ती परत आणून माझ्या मुलाकडून फोमची नेली.

आमच्या घरी स्वप्नांची व्यवस्था वेगळी होती. वाईट स्वप्न माणसाला सांगायचं नाही, वाहत्या पाण्याला सांगायचं, असं आई मानायची. आमच्या चाळीत वाहतं पाणी म्हणजे सार्वजनिक नळ, आणि तो यायचा सकाळी थोडा वेळ. मागे हंड्यांची रांग, आणि आई नळाखाली हात धरून पुटपुटतेय. मागची बाई म्हणायची, “अहो नदाफभाभी, स्वप्न थोडक्यात आटपा, पाणी जाईल.” आई सांगायची, पाणी ते घेऊन जातं. कुठे नेतं हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

मला स्वतःला स्वप्नं पडत नाहीत. पाठ टेकली की विषय संपला. घरी आम्ही आमची वेगळीच खिचडी भाषा बोलतो, तिचं मराठी करायचं तर माझी बायको रशिदा म्हणते, “स्वप्न पडायला आत काहीतरी असावं लागतं. तुझ्या आत कापूस आहे.” असा हा मी. दुसऱ्यांची झोप शिवणारा, आणि झोपेत काय चालतं याचा गंध नसलेला.

आता भोंडेबाई.

भोंडे पती-पत्नी विश्रांतवाडीला राहतात. दोघंही निवृत्त. बाई टेलिफोन खात्यात होत्या. समोरच्याचं बोलणं मधेच तोडायची सवय त्यांना तिथलीच असावी. काकांचं बोलणं तोडायची वेळ येत नसे, कारण ते बोलत नसत. दिवाळीच्या आधी आमच्याकडे मरणाची गर्दी असते. गेल्या वर्षी अशातच बाईंचा फोन आला आणि मी टेम्पो घेऊन गेलो.

आतल्या खोलीत दोन गाद्या होत्या. एक बरी होती. दुसरीची खोळ विरून धागे निघाले होते आणि मधे एवढा खळगा की त्यात पाणी ओतलं असतं तर साठलं असतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाचा साचा.

बाई म्हणाल्या, “ही बरी आहे ती पिंजायची. या दुसरीची फक्त खोळ बदलायची. आतला कापूस हलता कामा नये. जसाच्या तसा नव्या खोळीत.”

मी म्हटलं, “ताई, उलटं सांगताय. खरी गरज या दुसरीलाच आहे.”

“गरज कोणाला आहे ते मी ठरवेन. तुम्ही खोळ शिवा.”

“पण पाठीला त्रास होईल हो अशाने.”

“पाठ माझी आहे ना? तुमची असती तर विचारलं असतं.”

मी काकांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं जात नव्हतं.

दुकानात आणून मी दोन्ही गाद्यांच्या खोळी काढल्या. पहिली मशीनवर दिली. दुसरी समोर पडली होती. आता आमच्या हाताला एक रोग असतो. दबलेला कापूस दिसला की बोटं शिवशिवतात. त्यात माझ्या डोक्यात आलं की बाई पैशासाठी अडल्या असतील. पांढरपेशी माणसं ‘परवडत नाही’ म्हणत नाहीत, ‘गरज नाही’ म्हणतात. मला त्यांच्या स्वाभिमानाचा कळवळा आला. शिवाय एवढ्या तिखट बाईंच्या तोंडून ‘वा नदाफ’ ऐकायची हावही होती, ती कशाला लपवू?

मी माळ्यावरून वडिलांचं पिंजण काढलं. तात नवी लावली. मशीनमध्ये घालायलाही मन होईना, इतका तो कापूस जुना आणि चांगला होता. अख्खी दुपार मी तो हाताने पिंजला. बोळातली माणसं तो आवाज ऐकून थांबली, एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. मला वाटलं, आपण काहीतरी थोर करतोय. कमी पडला तिथे नवा कापूस घातला, दाभणाने एकेक टाका मोजून घातल्यासारखा घातला. आयुष्यात मी शिवलेली ती सगळ्यात उत्तम गादी. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, आणि सांगताना हात जड होतो.

दुसऱ्या दिवशी विश्रांतवाडीला जाऊन ती गादी पलंगावर टाकली. बाई पुढे आल्या. त्यांनी गादीवर तळहात ठेवला आणि सरकवत नेला, पुन्हा मागे आणला. अंधारात चष्मा शोधावा तसा. मग दुसरा हातही ठेवला.

“खळगा कुठे आहे?”

“काढला!” मी डॉक्टरांनी गाठ काढल्याच्या थाटात म्हटलं. “एकदम साफ. आणि पैसे द्यायचे नाहीत ताई, ही आपली दिवाळी भेट.”

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्या ओरडतील म्हणून मी जरा मागे सरकलो. त्या ओरडल्या नाहीत.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“मला वाटलं...”

“तुम्हाला वाटलं.” त्यांनी माझंच वाक्य मला परत दिलं. काकांनी पेपर खाली ठेवला होता. कोणीतरी बोलायला हवं होतं आणि ते काम माझ्याकडे नको होतं.

मग बाईच बोलल्या, भिंतीकडे बघत. “ही मुक्ताची गादी आहे. आमची मुलगी. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, परत आणली नाही. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. दुपारी जेवण झालं की मी इथे झोपायचे. तिच्या जागेत. माझा खांदा तिच्या खांद्याच्या जागी, गुडघे गुडघ्यांच्या जागी. बसायचे मी बरोबर त्यात, बांधा सारखाच होता आमचा. मग ती यायची.”

“स्वप्नात?” मी विचारलं. असले प्रश्न मला वेळेवर सुचतात.

“नाही, रिक्षाने,” बाई म्हणाल्या. एरवी मी हसलो असतो.

“काय म्हणायची?”

“काही नाही. आरशासमोर केस विंचरत उभी असायची. कधी विचारायची, आई, माझा टॉवेल कुठे आहे? मी म्हणायचे, दोरीवर. मग जायची.”

आयुष्यभर लोकांची स्वप्नं ऐकली, त्यांचे अर्थ ऐकले. साप दिसला तर अमुक, दात पडला तर तमुक. त्याच सवयीने माझ्या तोंडून निघालं, “याचा काही अर्थ असेल का ताई?”

“अर्थ काय असायचाय? टॉवेल कुठे आहे म्हणजे टॉवेल कुठे आहे.” त्यांनी गादीवरून पुन्हा हात फिरवला. “रोज नाही यायची. पण यायची. सकाळी उठून मी स्वयंपाक करत होते तो त्यासाठी. जेवल्याशिवाय झोप लागत नाही म्हणून जेवत होते.”

मी माफी मागितली. मराठीत मागितली, मग हिंदीत मागितली. मग, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं असं वाक्य बोललो. “ताई, मी एवढी वर्षं कापूस पिंजला. स्वप्न कापसात नसतं हो.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “मग कशात असतं? सांगा. मी तिथे जाऊन झोपते.”

हा लेख मी उत्तर सापडलं म्हणून लिहिलेला नाही.

काका जिना उतरून सोडायला आले. खालच्या पायरीवर थांबून हळू आवाजात म्हणाले, “तिला सांगू नका, पण मला बरं वाटलं.” टेम्पोकडे निघालेला मी वळलो. ते म्हणाले, “अहो, रोज जेवण झालं की ही मुलीकडे जायची. मी बाहेर बसलेला. मला नाही येत ती. ही बाजारात गेली की मीही झोपून पाहिलंय त्या गादीवर. मला आपलं ऑफिस दिसतं. जावक विभाग.” मग कठड्यावर बोट फिरवत म्हणाले, “आता निदान दोघंही सारखे.”

घरी येऊन रशिदाला सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ सुरूच ठेवून माझ्याकडे वळली. “तिने सांगितलं होतं ना हात लावू नको?”

“सांगितलं होतं.”

“मराठीत सांगितलं होतं ना?”

“हो.”

“मग तू थोर माणूस व्हायला कशाला गेलास? थोर माणसांनी मेल्यावर व्हायचं असतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “खळगा परत नाही पडत?”

पडतो. पण त्या आकाराच्या माणसाने त्यावर वर्षानुवर्षं झोपायला हवं. आणि ते माणूसच नव्हतं. त्यावर मी जो उपाय काढला तो सांगायची लाज वाटते, म्हणून लवकर सांगून टाकतो.

तो साचा मी पाहिला होता, माझ्या हातांना तो आठवत होता. मी जाड कापडाचं डोकं, खांदे, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे असं शिवलं आणि त्यात वाळू भरायची ठरवली. वजन हवं होतं. काकांना फोन केला. मुक्ताचं वजन विचारलं. ते म्हणाले, “शेवटी शेवटी फार उतरलं होतं हो. कोणतं सांगू?”

“आधीचं,” मी म्हटलं.

बाईंकडून काकांनी गादी मागून आणली. त्यांनी काय कारण सांगितलं माहीत नाही. मी ती दुकानाच्या फळीवर टाकली, वर ते वाळूचं शरीर ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून चादर पांघरली. आता बुधवार पेठेतल्या दुकानात भरदिवसा कोणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन निपचित पडलंय, हे दृश्य कसं दिसतं याचा विचार मी केला नव्हता. समोरचे टीव्ही दुरुस्त करणारे शेठ चहाला आले आणि दारातच थबकले.

“चाचा, कोण झोपलंय?”

“कोणी नाही.”

“मग पांघरूण?”

“धूळ बसू नये म्हणून.”

शेठनी बोळात दोन्हीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “चाचा, जे झालं ते झालं. माझा साडू वकील आहे.”

मी हसून हसून खोकलो. चादर काढून दाखवली. वाळू बघून त्यांना जास्तच भीती वाटली.

पण पुढे पुढे हसू येईना. सकाळी दुकान उघडलं की मी आधी तिकडे बघायचो. मशीन चालू करताना आवाज होईल असं वाटायचं. एकदा मुलाने त्यावर फोमचा गठ्ठा ठेवला तर मी असा ओरडलो की तो घाबरून म्हणाला, “अब्बा, वाळू आहे ती.” कधी कधी गुडघा घसरलेला दिसायचा, तो मी सारखा करायचो. हे मी रशिदाला सांगितलेलं नाही. आता अंक घरी आल्यावर कळेलच.

साचा उमटला. माझ्या मते हुबेहूब उमटला. गादी पुन्हा विश्रांतवाडीला नेली आणि बाईंना वाळूचं सगळं सांगितलं. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. काका आणि मी समोरासमोर बसलो. हॉस्पिटलच्या बाकावर बसतात तसे. आतून काही आवाज नाही. काकांनी मला बिस्किट दिलं, मी ते हातात धरून राहिलो.

बाई बाहेर आल्या. केसही विस्कटले नव्हते.

“हा वाळूचा आहे,” त्या म्हणाल्या.

“ताई, माप तेच आहे...”

“माप तेच आहे. वाळू हलत नाही. ती झोपेत हलायची. पाय मारायची. लहानपणापासून. त्या खळग्याच्या एका बाजूला पायाने उकरल्यासारखं होतं, तिथे माझी टाच जायची.” त्यांनी मागचं दार ओढून घेतलं. “राहू द्या. ठेवून जा. आता दुसरं काय आहे.”

ते ‘राहू द्या’ मी बरोबर घेऊन आलो. त्यापेक्षा त्यांनी हाकलून दिलं असतं तर बरं होतं.

तेव्हापासून मी स्वप्नांबद्दल विचारत सुटलो. दुकानात येणाऱ्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दिवसभराचा कचरा मेंदू रात्री काढून टाकतो. आमच्या मशीनखालीही रोज कचरा पडतो. तुटके तंतू, सरकीची टरफलं. मी तो झाडून टाकतो. भोंडेबाईंच्या कापसातून निघालेला कचरादेखील मी त्या दुपारी झाडून टाकला. त्यात काय होतं, कोण जाणे. मशिदीतल्या मौलवींना विचारलं. ते म्हणाले, चांगलं स्वप्न वरून येतं. मी विचारलं, “वरून येत असेल तर खालची गादी बदलल्याने बंद का होतं?” ते म्हणाले, “नदाफ, तू गाद्या शिव.” पाटलांना विचारायचं होतं, पण ते पुन्हा आले नाहीत, आणि त्यांच्या विहिरीत वाकून बघायचा धीर मला नाही.

माझ्यापुरतं मला एवढंच कळलंय, आणि ते कळून काही फायदा नाही. स्वप्नाचा अर्थ विचारणारे मला पुष्कळ भेटले. त्यांची स्वप्नं बिनकामाची होती, म्हणून त्यांना अर्थ हवा होता. भोंडेबाईंच्या स्वप्नाला काम होतं. टॉवेल कुठे आहे ते सांगायचं. त्या एका कामावर त्यांचा स्वयंपाक, जेवण, दुपार, दिवस, सगळं उभं होतं. मी तेवढंच काढून घेतलं आणि बदल्यात उत्तम गादी दिली. माणसाला जागेपणी जे कधीच मिळणार नाही, ते थोडा वेळ मिळण्याची एकच जागा असते, आणि ती कुठे असते ते कोणालाच माहीत नाही. म्हणून तर ती मोडताना मोडणाऱ्याला कळत नाही. मी किती गाद्या पिंजल्या असतील? त्यातल्या कितींमध्ये कोण येत-जात होतं, हे आता कोणाला विचारू? बाकीच्या बायका बहुधा सांगायला संकोचल्या. किंवा त्यांनी नळाला सांगितलं असेल.

परवा लेख लिहायला घेण्याआधी विश्रांतवाडीला जाऊन आलो. तुमच्यावर लिहू का, नाव बदलीन, असं विचारायचं होतं. काकांनी दार उघडलं. दुपारची वेळ, दोघंही जागे. समोरासमोर खुर्च्या, मधे टीपॉय. बाईंच्या अंगावरचं मांस उतरलेलं दिसत होतं.

“आता ही दुपारी झोपत नाही,” काका मला म्हणाले. जिन्यावरचा तो सुटकेचा सूर राहिला नव्हता. “बसून असतो आम्ही.”

“बोलत असाल,” मी म्हटलं.

“नाही.”

बाईंनी लेखाचं ऐकून घेतलं. “लिहा. नाव कशाला बदलता, मला कोण ओळखतं? तुमचं बदला, तुमच्याकडे कोणी गादी टाकणार नाही.” थोडी जुनी धार आली म्हणून मला धीर आला. तरी मी त्यांचं नाव बदललंय. त्या धीरावर मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. “ताई, त्यानंतर... काही पडलं का स्वप्न?”

“पडलं ना. गेल्या आठवड्यात. बसल्या बसल्या डोळा लागला.”

मी खुर्चीच्या टोकावर आलो. काकांनीही मान वर केली. त्यांनाही हे नवीन होतं. “आली?”

“तुम्ही आलात.”

“मी?”

“खोलीच्या दारात उभे. हातात ते धनुष्य घेऊन, कापसाचे प्रकार सांगत होतात. तुमच्या मागे कोणीतरी होतं. केसातून कंगवा फिरतो ना, तो आवाज येत होता. मी म्हटलं, नदाफ, सरका जरा बाजूला. तुम्ही हसलात आणि बोलतच राहिलात. दोनदा म्हटलं, सरका. मग ती गेली.”

ज्याला जन्मात स्वप्न पडलं नाही असा मी, दुसऱ्याच्या स्वप्नात जाऊन दार अडवून उभा होतो.

“ताई, मी मुद्दाम नाही...”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “सांगितलेलं तुम्ही स्वप्नातही ऐकत नाही.”